उकंडराव गुरुजींचं बी.ए.

देऊळघाटच्या प्राथमिक शाळेतले उकंडराव गुरुजी बी.ए. कसे झाले ही हकिगत स्वतः उकंडरावांनीच सांगावी आणि इतरांनी ऐकावी. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिच्यात ते थोडेफार शहाणे दिसतात, आणि ते त्यांना मुळीच खपत नसे. "विद्यापीठात हुशार लोक पुष्कळ होऊन गेले, गाढवांची नोंद कुणीतरी ठेवली पाहिजे," असं म्हणून ते सुरुवात करायचे.

सुरुवात नावापासून. त्यांच्या आधीची दोन लेकरं दगावली होती. म्हणून तिसरं जन्मलं तेव्हा आईनं त्याला घटकाभर उकिरड्यावर ठेवलं, मग उचलून पदरात घेतलं आणि उकंडा हे नाव ठेवलं. असल्या नावाच्या पोराकडे मरण ढुंकून पाहत नाही, अशी आपल्याकडची समजूत. मरणानं खरोखरच पाहिलं नाही. पुढे पुण्याच्या पोरांनी मात्र पाहिलं.

कारण महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी उकंडराव मॅट्रिक झाले आणि वडिलांनी, रामरावांनी, त्यांना थेट पुण्याला धाडलं. रामराव स्वतः दुसरी पास. सोळा एकर कोरडवाहू, घरात माणसं मोजकी. तरी जिल्ह्यात जवळ कुठं घाल असं सांगणाऱ्यांचं त्यांनी ऐकलं नाही. शिकायचं तर जिथं शिकवणारे राहतात तिथं जाऊन शिकावं, एवढंच म्हणाले आणि पोराची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन गाडीत बसवायला गेले.

कॉलेजचं नाव उकंडराव कधी सांगत नसत. कॉलेजची बदनामी नको, असं कारण द्यायचे. पहिल्या वर्षी दीडशे पोरांचा एक वर्ग. हजेरीला "उकंडराव रामराव" हे नाव आलं की पुढच्या बाकांवर जराशी खसखस पिके, पण ती तेवढ्यापुरतीच. एकदा "येस सर" म्हटलं की तासभर कुणी विचारत नसे. प्राध्यापक बोलायचे, पोरं लिहायची. दीडशेंत एक माणूस लपायला इतकी सुरेख जागा उकंडरावांना पुढं जन्मात सापडली नाही. ते शेवटच्या बाकावर बसून सर बोलतील तो शब्द उतरवून घेत. एकदा सरांनी मधेच शिपायाला "खिडकी लावा, धूळ येते" असं सांगितलं, तेही वहीत आलं, आणि परीक्षेच्या आधी बाकीच्या मजकुराबरोबर पाठही झालं. वर्ष निघालं. आपण शिकलो असं उकंडरावांना वाटलं, आणि ते गैरसमजाचं वर्ष त्यांच्या आयुष्यातलं फार सुखाचं गेलं.

दुसऱ्या वर्षी ट्यूटोरियल नावाचा प्रकार निघाला. एक टेबल, भोवती दहा पोरं आणि समोर सर. इथं लपायला जागाच नाही. सर माणूस भला. पहिल्याच आठवड्यात अर्थशास्त्राचं काहीतरी समजावून त्यांनी एकेकाला विचारलं, कळलं का? नऊजण कळलं म्हणाले. त्या नवांतल्या सहांना कळलं नव्हतं, हे उकंडराव पैजेवर सांगायचे. पण स्वतः ते भोळेपणानं खरं बोलून बसले.

"सर, मले नाही समजून राह्यलं."

सर हसले नाहीत. त्यांना शब्द नीट ऐकू गेले नव्हते, म्हणून त्यांनी आपुलकीनं सांगितलं की सावकाश, पुन्हा एकदा म्हणा. उकंडरावांनी पुन्हा म्हटलं. पहिल्या खेपेला पोरं तोंड दाबून हसली होती, दुसऱ्या खेपेला टेबलावर पडून हसली. दुसऱ्या दिवशी जिन्यात कुणीतरी पाठीमागून तेच वाक्य म्हटलं. मग खाणावळीत म्हटलं, आंघोळीच्या रांगेत म्हटलं. उकंडराव सगळ्यांचं झाल्यावर जेवायला जाऊ लागले, मग जेवायलाच जाईनात. फुटाणे खाऊन राहू लागले. दुपारी झोपायचे, वर्गाच्या वेळी पोट दुखायचं, आणि वर्ग सुटला की दुखायचं थांबायचं. त्या पोटाला वेळापत्रक पाठ होतं, मला कधी झालं नाही, असं ते म्हणायचे. दिवाळीला घरी आले ते परत गेलेच नाहीत. "मन लागत नाही," एवढं वडिलांना सांगितलं. रामरावांनी पोराच्या बसलेल्या गालांकडे पाहिलं आणि बरं म्हटलं.

इथवर गोष्ट हसण्यासारखी आहे. पुढचा तुकडा सांगताना मात्र उकंडराव हसत नसत. दिवाळीनंतर आठवड्यानं मारुतीच्या पारावर पोलीस पाटील उत्तमरावांनी त्यांना हटकलं, की काऊन रे, गेला नाही परत? आणि एकोणीस वर्षांच्या त्या शहाण्यानं उत्तर दिलं की बाबाले शेतात माणूस पाहिजे होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, रामरावनं पोराले अर्ध्यातून ओढून आणलं. रामरावांच्या कानावर गेलंच. त्यांनी ना पोराला विचारलं, ना गावाला खुलासा केला. त्या दिवसापासून कुणाच्या पोराच्या शिक्षणाचा विषय निघाला की गाव रामरावांचा दाखला देऊ लागलं, आणि तो दाखला रामराव तंबाखू मळत ऐकून घेऊ लागले.

उकंडरावांना ते रोज टोचायचं. पण खरं सांगायचं कसं? हसले म्हणून पळून आलो, हे सांगितलं तर गावही हसेल. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं की आधी बी.ए. व्हायचं आणि मग पारावर उभं राहून सांगायचं. बी.ए. झालेल्या माणसाला कोण हसतो? तोवर वडिलांनी सोसावं. हा हिशेब आपण किती सोयीचा लावला होता हे आपल्याला सव्वीस वर्षांचे होईपर्यंत कळलं नाही, असं ते म्हणत.

दरम्यान जिल्हा परिषद आली, शाळा वाढल्या, आणि उकंडराव गावातच मास्तर झाले. शिक्षकांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसायची मुभा होती. वर्ग नाही, सर नाहीत, हसायला पोरं नाहीत. हे आपल्यासाठीच काढलं असणार अशी त्यांची खात्री पटली. पण घरी बसून शिकायचं म्हणजे काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मास्तर माणसाला शिकण्याची एकच तऱ्हा ठाऊक, ती म्हणजे शाळा. म्हणून त्यांनी मागच्या खोलीत शाळा काढली. पटावर विद्यार्थी एक, आणि गुरुजीही तोच.

पहाटे चारला ते पितळी थाळी वाजवून शाळा भरवत. हजेरीपुस्तक काढून स्वतःचं नाव पुकारत आणि स्वतःच "हजर" म्हणत. बायको पंचफुला पहिल्या दिवशी दचकून उठून आली, तर नवरा भिंतीला तोंड करून उभा. विचारलं तर म्हणाले, कालची कविता पाठ झाली नाही म्हणून शिक्षा दिली आहे. उजव्या हातानं डाव्या हातावर छडी बसायची. ती हळू मारली जाते, हा लबाडीचा प्रकार आहे, असं लक्षात आल्यावर त्यांनी छडी डाव्या हातात घेतली. महिनाअखेर वहीत तपासनिसाचा शेराही पडे, "विद्यार्थी मंद पण आज्ञाधारक." असल्या कारभारावर पहिली दोन वर्षं काठावर निघाली. त्यामुळे शाळा उत्तम चालली आहे असं गुरुजींचं मत झालं, आणि विद्यार्थ्याचं मत कुणी विचारलं नाही.

शेवटच्या वर्षी गुरुजींनी आणखी दोन तास वाढवले. विद्यार्थ्याचं डोकं ठणकू लागलं, अन्न जाईना, केस गळू लागले. पंचफुला रोज ताट परत नेई. परीक्षेत अर्थशास्त्राच्या पेपरात विचारलं होतं की तुमच्या गावातल्या व्यवहाराचं उदाहरण द्या. उकंडरावांना पुस्तक पानाच्या आकड्यासकट पाठ होतं, पण त्यात देऊळघाट नव्हतं. ते पुस्तकातल्याच पोर्तुगालच्या दारूच्या उदाहरणावर अडीच पानं लिहून आले. शंभरात एकोणीस मिळाले. गावात कळायला वेळ लागला नाही. उत्तमराव पारावर म्हणाले, त्या वक्ती शिकू दिलं असतं तर ही पाळी आली नसती. रामराव तिथंच बसले होते. साठी उलटली होती, खांदे उतरले होते. तंबाखू मळून झाली तरी ते अंगठा फिरवतच राहिले, हे उकंडरावांनी शाळेच्या ओट्यावरून पाहिलं.

त्याच महिन्यात चौथीच्या वर्गात सातचा पाढा सांगता सांगता गुरुजी घेरी येऊन पडले. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तपासलं, रोग काही नाही म्हणाले. झोपा, जेवा आणि चार माणसांशी बोला, असं सांगून त्यांनी औषधही दिलं नाही. घरी येऊन पंचफुलेनं भिंतीवरचं वेळापत्रक उतरवलं. तिला अक्षरं लावून लावून वाचता यायची. वरपासून खालपर्यंत तिनं बोट फिरवलं.

"तुमच्या ह्या शाळेत सुट्टी काऊन नाही जी?" तिनं विचारलं.

पंचफुलेनं थाळी परत स्वयंपाकात नेली, आणि त्या दिवशी मागच्या खोलीतली शाळा कायमची बंद पडली.

चार माणसांशी बोला म्हटलं होतं, तर पहिला माणूस भेटला सईद मास्तर. गावच्या उर्दू शाळेत शिकवायचा, वयानं उकंडरावांएवढाच, आणि तोही अर्थशास्त्रातच नापास झालेला. त्यानंच सुचवलं की शाळा सुटल्यावर दोघं नदीकडे फिरायला जाऊ. एक दिवस एकानं समजावून सांगायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं. अट एकच, की नाही समजलं तर तसं म्हणायचं. उकंडरावांनी अट लगेच कबूल केली. ती पाळायचा त्यांचा काडीचा इरादा नव्हता.

तीन आठवडे ते पैनगंगेच्या वाटेनं चालत राहिले. भूक लागू लागली, झोप येऊ लागली, एवढा फायदा झाला. सईद सांगायचा आणि उकंडराव मान हलवून "बराबर, बराबर" म्हणायचे. खरं तर त्यांचं कान देऊन ऐकणंच होत नसे. समजल्यासारखा चेहरा ठेवण्यातच सगळी मेहनत खर्च व्हायची. पुण्याच्या टेबलापासून हा चेहरा त्यांनी घडवला होता, आणि त्यात ते खरोखरच पहिल्या वर्गात पास झाले असते.

एका संध्याकाळी सईद उपयोगितेचा नियम समजावत होता. भुकेल्या माणसानं पहिली भाकर खाल्ली तर त्याला बरं वाटतं, तो म्हणाला. उकंडराव म्हणाले, बराबर. दुसरी खाल्ली तर त्याहून बरं वाटतं. बराबर. पाचवी त्याहून गोड, आणि दहावी भाकर तर सगळ्यात गोड, ती खाल्ल्यावर तो विसावी मागतो. उकंडराव म्हणाले, एकदम बराबर.

सईद वाटेत थांबला. "गुरुजी, दहा भाकरी खाल्ल्यावर मानूस भाकर मागते का दवाखाना?"

बाजूनं बकऱ्यांचा कळप गेला, धूळ बसली. सईद रागावलेला नव्हता, पण पुढं पाऊल टाकायला तयार नव्हता. शेवटी जे वाक्य सहा वर्षांपूर्वी टेबलावर ठेवून ते पळाले होते, तेच त्यांच्या तोंडून निघालं. दुसरं त्यांच्यापाशी नव्हतंच.

"मले नाही समजून राह्यलं, सईद मास्तर. पयल्या दिवसापासून नाही समजून राह्यलं."

सईदनं मोठा श्वास सोडला. "मलेबी नाही," तो म्हणाला. "म्हनून तं तुमच्यासंगं फिरतो. मले वाटे तुमाले सगळं येते, आता ह्याले कसं सांगू? म्हनून आज मुद्दाम उलटं सांगून पाह्यलं."

दोघंही एकमेकांना भिऊन तीन आठवडे चालले होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले दोघं, आणि मग बांधावर बसून पुस्तक पहिल्या पानापासून काढलं.

पुढचं वर्ष शिकण्याचं गेलं. नाही समजलं हे वाक्य दोघांनी इतक्यांदा वापरलं की त्याची धार गेली. जिथं दोघांनाही कळेना तिथं ते तिसऱ्याला विचारू लागले. भाव आणि पुरवठ्यावर अडले तेव्हा पंचफुलेला विचारलं. ती बुलढाण्याच्या बाजारात वांगी न्यायची. सकाळी ती भाव सोडत नाही आणि दिवस कलल्यावर अर्ध्यानं का देते, हे तिनं वांगी निवडता निवडता सांगितलं. घरी न्याल तर उद्या सुकलेली वांगी कोण घेते, आणि गाडीवाला काही थांबते का. सईद ते वहीत लिहून घेऊ लागला तेव्हा ती संकोचली, म्हणाली, यात लिवासारखं काय हाय? परीक्षेत पुन्हा गावचं उदाहरण आलं. उकंडरावांनी दारू सोडली आणि वांगी लिहिली.

परीक्षा संपली, निकाल लागायचा होता. त्या मधल्या दिवसांत मॅट्रिकचा निकाल आला आणि गावातल्या रंगरावांचा पोरगा निवृत्ती पास झाला. पारावर माणसं जमली. पोराला बाहेर शिकायला पाठवावं की कसं, असं रंगराव विचारत होते. उत्तमराव म्हणाले, पाठव बिनघोर. फक्त आमच्या रामरावसारखं करू नको, की अर्ध्यातून ओढून आणलं अन् पोराच्या जन्माचं नुकसान केलं. बोलण्यात डंख नव्हता. सात वर्षांत ती गावची सवय झाली होती. रामराव नेहमीच्या जागी बसले होते, आणि उकंडराव नेहमीसारखे आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते.

बी.ए. झाल्यावर सांगायचं असं ठरलं होतं. निकालाला अजून पंधरा दिवस होते, आणि नापास झालो तर, हा विचार होताच. पण नदीच्या वाटेवर एकदा तोंड उघडलं होतं, ते आता मिटेना.

"उत्तमराव, बाबानं मले ओढून नाही आनलं," उकंडराव म्हणाले. "मी पयून आलो. पोरं माह्या बोलन्याले हसत होते. शेतात मानूस पाहिजे होता हे मी खोटं सांगतलं."

रंगरावांनी खात्री करून घेतली, "निस्ते हसत होते म्हनून?" उकंडराव हो म्हणाले. कुणीतरी मागून खुदकन हसलं, मग आणखी दोघे हसले. सात वर्षं ज्या हसण्याची धास्ती घेतली होती ते एवढंच निघालं. विडी पेटवून लोक निवृत्तीच्या विषयाकडे वळलेसुद्धा. उत्तमराव तेवढे रामरावांकडे पाहत राहिले आणि त्यांनी आपली तंबाखूची डबी त्यांच्यापुढे सरकवली. रामरावांनी चिमूट घेतली. मग गोठ्याची वेळ झाली म्हणून ते उठून गेले. घरी ते या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढचे पंधरा दिवसही नाही. उकंडरावांना वाटलं, बाप दुखावला. दुखावणारच.

निकालाचं वर्तमानपत्र सईद बुलढाण्याहून सायकलवर घेऊन आला. तो दुसऱ्या वर्गात, उकंडराव तिसऱ्या. पंचफुलेनं दोघांच्या हातावर गूळ ठेवला. उकंडराव कागद घेऊन तसेच शेतात गेले. रामराव वखराच्या पाळीमागून हातातल्या लाकडानं ढेकळं फोडत होते. पास झालो म्हटल्यावर त्यांनी कागद उलटासुलटा पाहिला, त्यातला नंबर बोटानं दाबला आणि घडी करून टोपीत ठेवला. बरं झालं म्हणाले. मग पुन्हा ढेकळाकडे वळले.

उकंडराव हलेनात. शेवटी त्यांनी विचारलं की त्या दिवशी पारावर मी बोललो, तुम्ही अजून काहीच कसं म्हटलं नाही.

"त्यात नवीन काय होतं?" रामराव म्हणाले. "तुही पेटी आनाले पुन्याले मीच गेलतो ना. तुह्या खोलीतल्या पोरायनं सांगतलं. तुह्या बोलन्याची नक्कलबी करून दाखवली मले."

एवढ्या वर्षांत पेटी घरी कशी आली, हा प्रश्न बी.ए. झालेल्या माणसाच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. त्यांनी वडिलांच्या हातातलं लाकूड धरलं.

"मंग सात साल गावाचं काऊन आयकून घेतलं, बाबा? एक सबद बोलले असते तं झालं असतं."

रामरावांनी लाकूड सोडवून घेतलं. "बोललो असतो तं गाव हसलं असतं तुले," ते म्हणाले. "तिथं हसले तं तू पयून घरी आला. घरून कुठं गेला असता?"